भरून ठेवलेले सूर

प्राजक्ता दुसऱ्या दिवशी अँप, म्हणजे अँप्लिफायर, पाहायला अकोल्याला जाणार होती. बेस गिटार तिनं दिवाळीत घेतली होती आणि तेव्हापासून कुणाचा तरी जुना गिटारचा अँप मागून काम भागवत होती. म्हणून त्या रात्री प्रॅक्टिस संपल्यावर आम्ही भगवंतकाकांना थांबवून घेतलं. राजापेठेत ट्यूशन क्लासच्या वर आमची खोली आहे. क्लास सुटून खालच्या गाड्या निघून गेल्या की मगच आम्हाला वाजवायला मिळतं. काकांनी उभी हयात वऱ्हाडभर ऑर्केस्ट्राच्या साउंडचं काम केलं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून नुसते येऊन बसतात.

"गिटारच्या अँपवर बेस वाजवू नको बाई," काका म्हणाले. "त्याचा स्पीकर फाटते. बेसचाच घे, मोठ्या स्पीकरचा. हॉलमध्ये त्याले भिंतीपासून दूर ठेव, नाई तं नुसता घुमते. मैदानात मात्र आवाज हवेत उडून जाते, तिथं जमिनीवर टेकवून ठेवायचा. आनं मिक्सरले लाइन द्यायचा डी.आय. बॉक्स विसरू नको. जनरेटरवर लाइन असली का गुणगुण येते, थे त्यानं मरते."

"एवढं वजन उचलायचं कोणं?" आमचा कीबोर्डवाला ओमप्रकाश म्हणाला. "मी डाव्या हातानं कीबोर्डवरच बेस वाजवतो ना. प्राजक्ताचे सूर एकदा रेकॉर्ड करून कीबोर्डच्या मशीनमध्ये भरून घेऊ. मग अँप नको आनं प्राजक्ता बी नको."

आम्ही हसलो. प्राजक्तासुद्धा हसली. काका हसले नाहीत. उठले, दार लोटलं, परत येऊन बसले.

"असं एकानं केलं होतं," ते म्हणाले. पुढचं सगळं त्यांच्याच तोंडचं.

*

नागसेन आनं नितेश. दोघंही अकोल्याचे, शाळेत एका बाकावरचे. नागसेन दिवसा दालमिलमध्ये कामाले जाये, रात्री बेस वाजवे. नितेश कीबोर्डवर. ऑर्केस्ट्रा पार्टी दोघाइची, साउंड माहा. लोक टाळ्या गाणाऱ्याले देत, पण नाचत थे नागसेनवर. त्याइले माहीत नसे, एवढंच. नागसेन थांबला का पाय थांबत.

अँप त्यानं जुनाच घेतला, पण घ्यायच्या आधी चार प्रोग्रामले मागून नेला, हॉलमध्ये ऐकला, मैदानात ऐकला, मंग घेतला. असा माणूस. दुसऱ्या कोणाले उचलू देत नव्हता.

एका रविवारी नितेश त्याले म्हणे, "नागसेन, तुहे सगळे सूर मशीनमध्ये भरून ठेवू. कधी तार तुटली, कधी तू दुखण्यानं पडला, तं प्रोग्राम अडू नये."

नागसेनले पटलं. त्या कामासाठी त्यानं गिटारले नव्या तारा चढवल्या. दिवसभर बसला. गिटारच्या दांडीवरच्या एकेका पडद्यावरचा एकेक सूर, एकदा हळू, एकदा जोरात. दीपमालानं, त्याच्या बायकोनं, घरून डबा पाठवला. दोघं एकाच डब्यात जेवले. मी पाहिलं ना.

मंग नितेशचे फोन कमी झाले. "या बारीले प्रोग्राम लहान हाये रे." "या बारीले गाडीत जागा नाई." नागसेन खरं माने. लहानपणच्या दोस्तावर कोण शक घेते?

अंजनगाव सुर्जीले त्याची सासुरवाडी. तिथं आमचा प्रोग्राम होता आनं तो नेमका त्याच दिवशी सासऱ्याकडे आलेला. सहज ऐकायले म्हणून मैदानात आला. मी मिक्सरवर होतो. माह्या बाजूले येऊन उभा राहिला. स्टेजवर बेसवाला नाई, आनं बेस तं वाजून राहिला. नितेशचा डावा हात चालू होता.

नागसेननं जरासं ऐकलं. मंग मले म्हणे, "काका, हा मी हाये."

मी मिक्सरवर वाकलो.

"तिसऱ्या पडद्यावर माही तार जराशी झणकते. ऐका... आली ना? मीच हाये."

प्रोग्राम सुटल्यावर तो स्टेजच्या मागे गेला. भांडला नाई. नितेशले एवढंच म्हणे, "मले काढतो असं तोंडावर सांगितलं असतं, तरी बी मी भरून दिले असते रे."

नितेश वायर गुंडाळून राहिला होता. मान वर न करता म्हणे, "सूर काय तुह्या बापाचे हाये काय बे? सा रे ग म सगळ्याइचंच असते."

नागसेन परत गेला. सासुरवाडीले नाई गेला, त्याच रात्री अकोल्याले निघून गेला.

पुढं त्याले कावीळ झाली. पोटात गेली. दवाखान्यात मी दोन-तीनदा जाऊन आलो. दर बारीले दाराकडे पाहे आनं विचारे, "नितेश आला काय सोबत?" मी म्हणो, येईन. नितेशले सांगितलं बी. तो म्हणे, सीझन हाये काका, सवड नाई. फेब्रुवारीत नागसेन गेला. मातीले बी नितेश आला नाई.

आता ऐका.

दोन हजार चोवीसचा एप्रिल. एकोणतीस तारीख, सोमवार. बाळापूरच्या पुढं एका गावात जयंतीचा प्रोग्राम होता. गावाचं नाव सांगत नाई, तिथले लोक चांगले हायेत. आदल्या दिवशी माहा बेसचा बॉक्स जळाला. एवढ्यात दुसरा भेटे ना. नितेश म्हणे, "नागसेनचा अँप घरी पडलाच हाये. चाला, घेऊन येऊ."

मी म्हटलं, "कोणत्या तोंडानं मागतो?"

"वहिनी नाई म्हणत नाई."

आनं खरंच, दीपमाला नाई म्हटली नाई. चहा केला. अँप कोपऱ्यात होता, चादर झाकलेली. त्याच्या वर भिंतीले गिटार टांगलेली. तिनं चादर काढून घडी केली आनं म्हणे, "अँप न्या नितेशभाऊ. गिटार नाई देत."

"गिटार कायले पाहिजे वहिनी?" नितेश म्हणे. "नागसेनचा आवाज हाये ना माह्यापाशी."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मंग हळूच म्हणे, "हाये काय?"

आनं दार लावून घेतलं.

दिवस बुडता आमी गावात पोचलो. गावाबाहेरचं मैदान, ट्रॉलीवर स्टेज, मागे जनरेटर. अँप नितेशच्या पाठीशी, खाली टेकवून ठेवला. कीबोर्डची बेसची लाइन त्यात दिली, तिथून एक मिक्सरले. वाजवून पाहिलं. काय आवाज, बाप्पा! जळालेल्या बॉक्सचं दुखणंच गेलं. नितेश खुश.

साडेनऊले सुरू झालं. पहिले दोन गाणे मस्त गेले. तिसऱ्याच्या आधी नितेशनं माईक घेतला. म्हणे, "आपला नागसेन आज आपल्यात नाई. पण माह्या जिवाभावाच्या दोस्ताचा आवाज मी मरू दिला नाई. आजचा बेस त्याचा हाये." लोकाइनं उभं राहून टाळ्या दिल्या. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले.

मले खाली पाहावंसं वाटलं.

गाणं सुरू झालं. अर्ध्यात गेलं आनं मले जाणवलं का बेस जरासा पुढं हाये. नितेशचं बोट पडायच्या आधी सूर येऊन राहिला. एकदम थोडा पुढं. मले वाटलं, मशीन बिघडली. नितेशनं बी मान वळवून मागे पाहिलं. तो वेग वाढवे, बेस बी वाढे. तो हळू करे... बेस त्याच्या पुढंच.

मंग त्यानं डावा हात उचलला.

बेस चालू.

मी मिक्सरवरून त्याची लाइन खाली केली. पूर्ण खाली. मैदानातला आवाज गेला, पण अँप बोलूनच राहिला. लोक नाचून राहिले. त्याइले काय माहीत? ढोलकीवाल्यानं नितेशकडे पाहिलं आनं त्याचा हात थांबला. गाणारी थांबली. एक-एक करून सगळे थांबले.

बेस थांबला नाई.

आता तो गाण्यातला नव्हता. एक सूर... आनं त्याच्यावरून घसरत खाली जाणारा दुसरा. तारेवर बोट ओढलं का येते तसा. पोट्टेहो, त्या रविवारी घसरणारा सूर भरलाच नव्हता. मी तिथं होतो. सुटे सूर भरले होते. सुटे.

नितेशनं कीबोर्डची वायर उपटली.

घसरत गेला... परत वर आला.

त्यानं अँपची पिन काढली. मी पाहिली, पिन त्याच्या हातात होती.

मैदान चूप झालं होतं. लेकरू बी रडे ना. मंग कोण्या शहाण्यानं घाबरून जनरेटर बंद केला.

अंधार.

आनं त्या अंधारात तो... वाजत होता. हळू. कानानं कमी, छातीनं जास्त. तिसऱ्या पडद्याची झणझण... आली. परत आली.

नितेशचा आवाज ऐकू आला. "नागसेन..."

वाजणं थांबलं.

"नागसेन, मी येणार होतो रे. दवाखान्यात. खरंच येणार..."



जराशानं स्टेजवर काहीतरी सरकलं. नितेश एकदाच ओरडला. मोठ्यानं नाई. पोळल्यावर ओरडते तसा.

मोबाईलचे उजेड घेऊन आमी वर चढलो. नितेश अँपले पाठ लावून खाली बसला होता. डोळे उघडे. डावा हात खांद्याच्या उंचीवर, बोटं वाकवून, जसं हातात काही धरलं हाये. हात खाली घेता ये ना. मी आनं ढोलकीवाल्यानं मिळून घेतला. अंग तापलेलं, हात मात्र थंडगार.

प्रोग्राम तिथंच सुटला. लोकाइनं एक शब्द वाकडा काढला नाई, उलट गाडी भरून दिली. बाळापूर मागे पडलं. मंग नितेश म्हणे, "काका... तो माह्या मागं बसला होता. त्यानं माही बोटं धरली. एकेक करून ठेवली... आनं दाबली."

"कशावर ठेवली?"

त्यानं डावा हात काखेत दाबला.

दुसऱ्या दिवशी मी अँप दीपमालाले नेऊन दिला. तिनं त्याच्यावर परत चादर झाकली. नितेशनं कीबोर्ड इकला, पार्टी मोडली. आता भावाच्या किराणा दुकानात बसते.

*

काका थांबले. प्राजक्तानं विचारलं, "काका, त्याले खरंच काही झालं होतं, का घाबरला होता नुसता?"

काकांनी आपला पंजा उघडून पाहिला.

"त्या सकाळी उजेडात मी त्याचा हात पाहिला. डाव्या हाताच्या चारी बोटाइच्या टोकावर एकेक खोल वळ. जाड, बेसच्या पिळाच्या तारेचा. पीळ बी मोजता येईन असा. कीबोर्डवाल्याच्या बोटाले असा वळ पडत नाई. त्यानं मलम लावले, डॉक्टर केले.

मागच्या महिन्यात दुकानात गेलो होतो. साखर मोजून राहिला होता. पुडी देताना त्याची बोटं दिसली..."

खाली रस्त्यावरून कोणी तरी गाडी काढली, तिचा आवाज दूर गेला.

"वळ ताजे होते."