बांधावरची हाक

मघाशी तुम्ही विचारलंत, कोनाड्यात कुंची घातलेला वरवंटा कशाला ठेवलाय. सांगते. तो दिवा जरा मोठा करा.

आमचे हे तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात होते. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी बिननावाचं. सासूबाईंचा हट्ट, नाव बापानंच सुचवायचं आणि बारशाला आत्यानंच कानात सांगायचं. अशात निरोप आला, ह्यांच्या बराकीतले सीतारामभाऊ सुटलेत, ह्यांची चिठ्ठी त्यांच्याकडे आहे. पण पाय मोडल्यामुळे ते वडाळ्यापलीकडे मिठागरावर भावाच्या झोपडीत पडून होते. कुणीतरी जायला हवं. मी म्हटलं, मीच जाते. बाळ अंगावर पिणारं, त्याला ठेवून कसं जाणार? घेतलं बरोबर.

निघताना सासूबाईंनी बाळाच्या तळपायाला काजळ लावलं. "वाटेत कुठं खाली ठेवलंस, तर उचलताना नाव घेऊन हाक मार. 'घरी चल' म्हण. नाहीतर पोर हातात येतं आणि त्याचा जीव तिथंच घुटमळत राहतो."

शेजारची बकुळा गॅलरीत तांदूळ निवडत होती. ती सासूबाईंना म्हणाली, "कमळाकाकू, नाव कुठाय त्याला? काय हाक मारायची, ए मुंबईकर?"

"तू तांदळातले खडे बघ," सासूबाई म्हणाल्या.

नायगावच्या चाळी मागं पडल्या, रेल्वेचं फाटक ओलांडलं आणि मुंबई संपल्यासारखीच झाली. करंजाची, भेंडीची दाट झाडी, तिच्यातून बैलगाडीची वाट. झाडी सरली की मिठागराचा बांध. एका अंगाला मिठाचे ढीग, डोळे दिपवणारे. दुसऱ्या अंगाला तिवरं आणि ओहोटीनं उघडा पडलेला काळा चिखल. त्याचा कुजका वास थेट घशात उतरायचा. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण नाव घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून निघाले होते.

सीतारामभाऊंनी उशीखालून चिठ्ठी काढून दिली. "वहिनी, चिंतामणी मजेत आहे. जेलरलासुद्धा घोषणा शिकवील तो. ऊन उतरलं की निघा."

"नको भाऊ, सासूबाई वाट बघत असतील."

"मग बांधावर कुठं टेकू नका."

"का हो?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. "इथल्या बायका... टेकत नाहीत."

मी टेकणार नव्हतेच. पण अर्ध्या वाटेवर बाळ रडून रडून लालबुंद झालं. बांधावर एकच करंज होता. त्याखाली बसले, पाजलं. ते झोपल्यावर त्याला दुपट्यावर ठेवून चिठ्ठी उघडली. माझी सातवी झालेली, ह्यांचं अक्षर वाचता येतं. 'राजाराम ठेवा,' एवढंच नाव, खाली दोन रेघा. चारदा वाचलं.

उचलताना सासूबाईंचं बोलणं आठवलं. नाव तर आता माझ्या जिभेवर होतं. पण आत्यानं कानात सांगायच्या आधी आईनं कसं उच्चारायचं? मी ते गिळलं. म्हटलं, "चल बाळा, घरी चल."

वारा पडला. तिवरांतले बगळे एकाएकी उडाले.

दहा पावलं गेले आणि मागं आवाज झाला. पच... पच... ओल्या चिखलात लहान पाय पडावेत तसा. थांबले, तर तोही थांबला. मागं बघितलं नाही. बाळाला छातीशी घट्ट धरलं. ऐन वैशाखात त्याचं अंग गार लागत होतं, ओल्या दगडासारखं.

फाटकाशी म्हातारा फाटकवाला विडी ओढत होता. "काय बाई, भर उन्हाचं दोघांना घेऊन निघालात?"

"दोघं?"

"एक कडेवर आणि एक पदर धरून..." एवढं बोलून त्यानं माझ्या पायाशी नीट पाहिलं. विडी त्याच्या हातातून पडली.

पदराचं टोक ओलं होतं.

घरी बाळ डोळे उघडे ठेवून पडून राहिलं. रडेना, पिईना. ओठांना माझं बोट लागलं, ते चाखलं तर खारट. सासूबाईंनी माझा चेहरा बघितला. "हाक मारलीस ना? नाव घेऊन?"

"नुसतं... बाळा म्हटलं."

त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "अगं, त्या चिखलात किती जणींनी आपली पोरं पुरलीत. नाव ठेवायच्या आत गेलेली. तू बाळा म्हटल्यावर कोणकोण उठलं असेल..."

मी रडले नाही. म्हटलं, "वन्संना आत्ता बोलवा. बारसं आजच."

लालबागहून लीलावन्सं धापा टाकत आल्या. "न कळवता बारसं? वहिनी, माझी पैठणीसुद्धा गहाण... म्हणजे पेटीत आहे!" माझं तोंड बघितलं आणि पदर खोचून कामाला लागल्या. दिवेलागणीला पाळणा बांधला. रीतीप्रमाणे वरवंट्याला कुंची घालून, बाळ म्हणून आधी तोच पाळण्याखालून वरून फिरवायचा. बकुळानं खालून दिला, मी वरून घेतला. हातात आला तेव्हा वरवंटा गार होता, आणि कुंची खालून ठिबकत होती.

सासूबाई पुटपुटल्या, "टाक तो! बाहेर टाक!"

टाकला असता. पण बोलावलं मीच होतं. आणि माझं बाळ मला परत हवं होतं. वन्संना म्हटलं, "तुम्ही नाव सांगा." त्या बाळाच्या कानाशी वाकल्या, तशी मी वरवंट्याशी वाकले. त्याला कान कुठले? तरी एक नाव सांगितलं. काय, ते आजवर ह्यांनाही सांगितलेलं नाही.

राजारामनं टाहो फोडला. अंग ऊन झालं. छातीला लागला तो सोडीचना.

पुढं हे सुटून आले. यंदा आपलं राज्यही झालं. राजाराम चार वर्षांचा झालाय, तुम्ही बघितलाच. वाटणाला मी दुसरा वरवंटा आणला. कोनाड्यातल्याला बारशाच्या तिथीला न्हाऊ घालते, नावानं हाक मारते, तीच कुंची पुन्हा बांधते.

परवा बांधायला घेतली, तर नाड्या पुरल्या नाहीत.