दुसऱ्या हाकेनंतर

गंधार माझा पुतण्या. ग्वेल्फला राहतो. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे चार दिवस गेलो होतो. रात्री जेवणं झाली आणि आम्ही बेसमेंटमध्ये बसलो. गंधार, त्याची बायको जाई आणि त्याचा मित्र अनिश.

दोघा पोरांनी लॅपटॉप उघडून ठेवला होता. पुढच्या नोव्हेंबरात त्यांना सस्कॅचवानला हरणाच्या शिकारीला जायचं होतं. गाडीचं पेट्रोल, परवाना, केबिनचं भाडं, सगळं त्यात मांडलेलं.

"काका, तुम्ही एवढी वर्षं हंटिंग केलंत," अनिश म्हणाला. "प्रॉव्हिन्सच्या बाहेर जाणं वर्थ इट आहे का? ऑन्टॅरिओची हरणं लहान. तिकडची शिंगं बघा केवढी!" त्याने दोन्ही हात पसरले.

"शिंगं खाणार आहेस का?" मी विचारलं.

जाई हसली. "बघा ना. आणि हा गंधार! घरी कोंबडी आणली तर मला कापायला लावतो. म्हणे वास येतो."

"ते वेगळं," गंधार म्हणाला. "काका, सिरियसली. परवडतं का?"

मी चौथीपर्यंत शिकलो. विंडसरच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर आयुष्य काढलं. कोणाकडे हात पसरला नाही. मला विचारलं तर मी सरळ सांगतो.

"तो लॅपटॉप मिट," मी म्हणालो. "एकाला हे केवढ्याला पडलं ते सांगतो. मग तुमचं तुम्ही ठरवा."

रविकांत माझ्या शेजारच्या मशीनवर होता. मूळचा पाटणकडचा, डोंगरातला. बढाया मारणारा माणूस नव्हे. यातलं बरंचसं मी त्याच्या तोंडून ऐकलंय. शेवटचं मी स्वतः पाहिलंय.

त्याची बायको शीला. तिचा धाकटा भाऊ नंदन. आईबाप लवकर गेले, म्हणून शीलानेच त्याला वाढवला. तो पुण्याहून व्हिटबीला नोकरीला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दर शनिवारी चार तास गाडी हाकून विंडसरला यायचा. रविकांतला दाजी म्हणायचा. दाजी जे करेल ते त्याला करायचं असे. दाजी शिकार करतो म्हणून यानेही लायसन्स काढलं.

दोन वर्षं ते आमच्याबरोबर इथल्याच जंगलात आले. मग त्यांच्या डोक्यात सस्कॅचवान शिरलं.

"इथली हरणं संपली का?" शीला म्हणाली. "अडीच दिवस गाडी हाकायची, ती कशासाठी?"

"ताई, तिकडचं हरीण म्हणजे म्हैस असते, म्हैस," नंदन म्हणाला.

"मग म्हैसच आणा. दारात बांधू. दूध तरी देईल."

हे माझ्यासमोर झालं. मी हसलो होतो.

ते गेले २००६ साली. जंगलाच्या कडेला एका शेतकऱ्याची केबिन भाड्याने घेतली होती. जंगल अनोळखी. इथल्या जंगलात आम्हाला ओढे माहीत, वाटा माहीत. तिथे काहीच माहीत नाही.

वीस नोव्हेंबर. सोमवार. अमावस्या होती.

दुपारी केबिनमधला प्रोपेनचा सिलिंडर संपला. दुसरा आणायला रविकांत गावात निघाला.

"झाडीत एकटा जाऊ नकोस," तो नंदनला म्हणाला. "केबिन दिसेल तेवढ्यातच बस."

"हो दाजी. येताना कॉफी आणा. डबल डबल."

"साखर कमी कर. लग्न व्हायचंय तुझं."

"म्हणून तर आत्ताच पिऊन घेतो."

रविकांतने सिलिंडर घेतला, कॉफी घेतली. परत आला तेव्हा उजेड उतरत होता. केबिन उघडी. नंदन नाही.

केबिनच्या मागे बर्फात एक रिकामं काडतूस पडलं होतं. पुढे रक्ताचे थेंब. रक्ताच्या बाजूने बुटांची पावलं झाडीत गेलेली.

रविकांतला कळलं. हरीण समोर आलं, पोराने गोळी झाडली, ते जखमी होऊन पळालं. जखमी जनावर सोडून द्यायचं नाही. माग काढायचा आणि त्याला वेदनेतून सोडवायचं. हा शिकाऱ्याचा नियम. तो नंदनला रविकांतनेच शिकवला होता. पोराने ऐकलं होतं.

फोन लागत नव्हता. रविकांतला वाटलं, अर्ध्या तासात गाठू. टॉर्च आणि बंदूक घेऊन तो पावलांवरून निघाला.

अंधार पडला. वर बर्फ सुरू झाला. आधी रक्त दिसेनासं झालं. मग पावलं.

तो ओरडायला लागला. "नंदन! ए नंदन!" दर थोड्या अंतरावर थांबायचा, ओरडायचा, ऐकायचा. घसा सुकला. पापण्यांवर बर्फ धरला. त्या थंडीत माणूस रात्र काढू शकत नाही, हे त्याला माहीत होतं. शीलाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तो पळत होता, पडत होता, पुन्हा उठत होता.

इथले शिकारी हरवले की तीन गोळ्या झाडतात. म्हणजे मदतीला या. रविकांतने हवेत तीन झाडल्या.

थोड्या वेळाने उत्तर आलं. लांबून. पूर्वेकडून. एक.

मग दुसरी.

तो तिसरीसाठी थांबला. तिसरी आली नाही.

तरी तो पूर्वेला धावला. पुढे गोठलेलं तळं लागलं. तळ्याच्या काठाने जाताना...

"दाजी!"

पूर्वेकडून नाही. मागून. पश्चिमेकडून. आणि जवळून.

अनिश पुढे सरकला. "नंदन?"

मी हातानेच त्याला थांबवलं.

"आमच्याकडे," मी म्हणालो, "रात्री रानात हाक आली तर लगेच ओ देत नाहीत. रविकांतकडेही तसंच. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल, ते दोनदाच मारतं. पहिल्या दोन हाकांना ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं. चालता यायला लागल्यापासून आई हे कानात घालते. पुढे माणूस कॅनडाला येतो, मॉर्गेज काढतो. पण ते कानातून जात नाही."

रविकांतने विचार केला. गोळ्या लांबून आल्या. हाक जवळून. दोन्हीकडे एक माणूस कसा?

संध्याकाळपासून तो ओरडत होता. आता तोंड मिटून उभा राहिला.

आणि त्याने टॉर्च विझवला.

अंधार. बर्फ पडल्याचाही आवाज नाही.

"दाजी..."

दुसरी. पहिल्यापेक्षा बारीक. जरा रडवेली.

तो हलला नाही. एकदा, फक्त एकदा अजून, असं तो मनात म्हणत होता. अजून एकदा हाक मार. मी आलोच. अजून एकदा...

...

...

हाक आली नाही.

किती वेळ उभा होता, त्याला सांगता येत नव्हतं. मग टॉर्च लावून तो वेड्यासारखा ओरडायला लागला. पश्चिमेला धावला. पूर्वेला धावला. स्वतःच्याच पावलांवर परत आला. उजाडेपर्यंत तेच.

सकाळी तो कसाबसा रस्त्याला लागला. शेतकऱ्याने पोलिसांना बोलावलं. हेलिकॉप्टर आलं. दुपारी नंदन सापडला.

तळ्याच्या पश्चिमेला. झाडाला टेकून बसलेला. मांडीवर बंदूक. तोंड तळ्याकडे. रविकांत रात्री जिथे उभा होता, तिथून अंतर किती? गंधार, तुझ्या दारापासून समोरच्या चर्चइतकं. दिवसा हात केला तरी दिसला असता.

बंदूक रिकामी होती. तीन गोळ्या भरलेल्या होत्या. एक हरणाला लागली. दोन त्याने उत्तर म्हणून झाडल्या. तिसरी होतीच कुठे? आणि पोलीस म्हणाले, गोठलेल्या तळ्यावरून आवाज फिरतो. लांबून, पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो, असतो जवळचा, पश्चिमेचा.

जाईने तोंडावर हात धरला. "म्हणजे त्याने टॉर्च पाहिला होता. आणि विझलेलाही..."

"ऐक पुढे," मी म्हणालो.

शीलाने नवऱ्याला एकच विचारलं. "त्याने तुम्हाला हाक मारली का हो?"

रविकांत म्हणाला, "नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दिवस झाले आणि ती व्हिटबीला गेली, नंदनच्या घरात. त्याच्या खोलीला हात लावला नाही. विंडसरला परत आली नाही.

खरं काय ते रविकांतने फक्त मला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडला होता, घास घेतला नव्हता.

"बबनराव, तो नंदन असेल तर त्याला मी मारला. आणि तो नंदन नसेल..." त्याने डबा मिटला. "तर त्या रानात मला दाजी कोण म्हणालं?"

पुढच्या नोव्हेंबरात तो पुन्हा तिथे गेला. एकटा. बंदूक नेली नाही. त्याच तारखेला, रात्री, त्याच तळ्याकाठी अंधारात उभा राहिला. काही आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याने माणसं काढली, त्यात हा होता. तरी गेला. बोटांची दोन टोकं थंडीने गेली. त्याच्या पुढच्या वर्षी घर विकलं, आणि गेला.

मी त्याला झापलं. "रविकांत, गेलेला माणूस येत नाही. तिथे काही नाही."

"दोन झाल्यात बबनराव," तो म्हणायचा. "तिसरीला मी ओ देणार आहे. मग मेलो तरी चालेल."

असल्या माणसाला काय सांगणार?

२०१०. नोव्हेंबर संपत आला होता. विंडसरला अजून बर्फ नव्हता, बारीक पाऊस होता. मी झोपायच्या तयारीत होतो. बेल वाजली.

दारात रविकांत. दाढी वाढलेली. ओठ फुटलेले. पण चेहरा शांत. चार वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"आली," तो म्हणाला.

"काय?"

"तिसरी."

पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"ओ दिली," तो म्हणाला.

"मग?"

त्याने वळून आपल्या ट्रककडे पाहिलं. इंजिन चालू होतं. मग हळू म्हणाला, "शीलाकडे पोचवायचंय. तिच्या दारात एकट्याला उभं राहवणार नाही. तुम्ही चला."

"काय पोचवायचंय?"

तो जाऊन स्टिअरिंगवर बसला.

मी जॅकेट घातलं. तो माझा माणूस होता. ट्रकपाशी गेलो. ड्रायव्हरशेजारच्या सीटचं दार उघडलं.

आतून थंडी आली. हीटर पूर्ण चालू होता, पंख्याचा आवाज येत होता. तरी थंडी.

सीट रिकामी. पण सीटबेल्ट लावलेला. मला वाटलं, विसरला असेल. मी बेल्ट काढायला हात पुढे केला...

बेल्ट सीटला टेकलेला नव्हता.

वीतभर पुढे होता. ताणलेला. छातीवरून गेल्यासारखा.

आणि हलत होता. हळू. पुढे. मागे.

पुढे...

मागे...

"बबनराव," रविकांत स्टिअरिंगवरून म्हणाला. "तुम्ही मागे बसा."

मी दार लावलं. मी कुणाला भ्यालेला माणूस नाही. पण त्या ट्रकमध्ये बसलो नाही. रविकांतने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि गेला.

रात्रभर झोप नाही. सकाळी गाडी काढली, थेट व्हिटबी गाठलं.

शीलाने दार उघडलं. मी बोलणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"रविकांत?" मी हळूच विचारलं.

"पहाटे आले होते. आत नाही आले. उंबऱ्यापाशी हात जोडले. म्हणाले, 'त्याने हाक मारली होती गं.' आणि निघून गेले." तिचे डोळे रडून सुजलेले होते. पण ती हसत होती. "भाऊजी, जपून पाय टाका. कडेने या."

मी खाली पाहिलं.

हॉलमध्ये लाकडी फरशी आहे. तिच्यावर पावलं होती. बर्फाची. बुटाच्या तळव्याची नक्षी स्पष्ट. डावं, उजवं, डावं. दारापासून नंदनच्या खोलीपर्यंत. चवडे सगळे खोलीकडे. परत फिरलेलं एकही नाही. खोलीचं दार लावलेलं.

घर उबदार होतं. पहाटेपासून दुपार झाली होती.

मी वाकून एका पावलाला बोट लावलं. ओलं नव्हतं. कोरडा बर्फ. पिठासारखा. मायनस तीसमध्ये असतो तसा. बोटाच्या उबेनेही तो विरघळला नाही.

बाहेर व्हिटबीत पाऊस पडत होता.