पेवातला उजेड

हरिपुरात हळदीची पेवं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती, आणि ती उघडायची तर गुंडाअण्णांशिवाय पान हलत नसे. पेव म्हणजे जमिनीखालची कोठी, तोंड अरुंद आणि पोट मोठं. वर्षभर बंद राहिलं की आत विषारी हवा साठते, म्हणून आधी दोरीनं कंदील सोडायचा. अण्णा तोंडाशी पालथे पडत, उजेडाचा त्रास नको म्हणून डोक्यावर घोंगडं ओढत आणि तळाशी बघत. ते "जळतोय" म्हणाले की माणूस उतरे. त्यांच्यामागून दुसऱ्यानं वाकून बघणं म्हणजे गावासमोर त्यांची अब्रू काढणं होतं.

दिवाळीनंतर अण्णा दाराच्या चौकटीवर आपटू लागले. सून शिवांजली त्यांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी तीन बोटं धरली, अण्णा पाच म्हणाले. शिवांजलीची साडी पिवळी होती, त्यांनी हिरवी सांगितली. सांगताना एकदाही अडखळले नाहीत. त्याचीच तिला भीती वाटली.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले. "पण बघतो तो मेंदूचा मागचा भाग. तिथला रक्तपुरवठा तुटलाय. त्यांना काही दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. मेंदू आपल्या मनानं चित्र काढून देतो. ते खोटं बोलत नाहीत."

परतताना रिक्षात अण्णा अंग चोरून सरकले. "बस केरबा," रिकाम्या जागेला म्हणाले.

केरबा कोण, ते सासूनं, मनुबाईनं सांगितलं. अण्णांच्या शब्दावर पेवात उतरलेला हमाल. तो वर आला तो मरूनच. तेव्हा विश्वजीत, शिवांजलीचा नवरा, पाळण्यात होता.

"ही गोष्ट उंबऱ्याभाईर जायाची न्हाई," मनुबाई म्हणाली. "लोकं माल दुसरीकडं नेतील."

"मी सोता बघूनच उतरीन की," विश्वजीत हसला. "तू कशाला भितीस?"

शिवांजलीनं ऐकलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, मेंदूचे खेळ. पण एका दुपारी ती धान्य निवडत होती आणि अण्णा तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "तुझ्यामागं कोण बाई हुबी हाय गं? करंगळी न्हाई तिला."

शिवांजलीची आई वडूजला कडबाकुट्टीच्या यंत्रात करंगळी घालवून बसली होती. ती वारली ती लेकीच्या लग्नाआधी. अण्णांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. शिवांजलीनं मागं वळून बघायचं टाळलं.

फाल्गुनात पेव उघडायची वेळ आली. हमाल गोळा झाले, कंदील खाली गेला. अण्णांनी घोंगडं ओढलं.

"जळतोय," आतून आवाज आला. "झकास जळतोय."

विश्वजीत ठरल्याप्रमाणं गुडघ्यावर बसला. चाहूल लागताच अण्णांनी घोंगडं भिरकावलं.

"माझ्यावर भरवसा न्हाई व्हय रं?"

हमालांचे हात थांबले. विश्वजीतनं बायकोकडं एकदा बघितलं. शिवांजलीच्या ओठांवर शब्द आला होता. पण चारचौघांत सासऱ्याला आंधळं म्हणायचं, आणि तेही सुनेनं? पायरीवरून मनुबाई डोळे वटारून बघत होती.

विश्वजीत उठला. कमरेला दोर बांधला. उतरला.

त्याचं डोकं दिसेनासं झालं, तेव्हा अण्णा समाधानानं पुटपुटले, "दिवा इझंल कसा? केरबानं हातात धरलाय."

शिवांजली किंचाळली.

हमालांनी दोर ओढला. विश्वजीत वर आला. डोळे उघडे होते, श्वास नव्हता.

अण्णा वळले. पोराकडं निरखून बघितलं. "निळा शर्ट," म्हणाले, "वरचं बटण तुटलंय. टाका घाल गं कुणीतरी."

शर्ट निळाच होता. वरचं बटण तुटलेलं होतं. दुखणं आल्यापासून जित्या माणसाबद्दल अण्णांनी एकही गोष्ट बरोबर सांगितली नव्हती.

"तुला म्हाईत हुतं," मनुबाई सगळ्या भावकीसमोर सुनेला म्हणाली. "तरी तोंड शिवून बसलीस." ते खरं होतं, आणि शिवांजलीला त्याचा रोज नव्यानं तिटकारा येत होता.

दिवस उरकले. ती तिथंच राहिली. अण्णांना भरवायची, हात धरून न्यायची. तिचा आवाज ऐकला की ते तिच्या हिरव्या साडीचं कौतुक करायचे. ती कुठलीही नेसलेली असो.

एका सकाळी तिनं न बोलता चहा पुढं ठेवला. ठेवताना कप कलंडला, थोडा तिच्याच अंगावर सांडला. ती आवाज न करता मागं सरकली.

अण्णांनी मान वर केली आणि थेट तिच्या तोंडाकडं बघितलं.

"करडी साडी आज," ते मायेनं म्हणाले. "गुडघ्यावर चहा सांडलाय बघ. आन् कपाळ असं मोकळं का गं, पोरी?"

शिवांजलीनं खाली बघितलं. साडी करडीच होती. डाग गुडघ्यावरच होता, अजून ओला.