तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप

"टोपली आली! पण मादाम शाके तर डोंगरावर गेल्यात ना?" वाहान ओरडला.

बुर्ज हम्मूद वस्तीतल्या त्या गल्लीत भाजी जिना चढत नाही. बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, वाहानचे भाजीवाले आजोबा ती भरतात, की चालली वर! पण तिसऱ्या मजल्यावरचं मादाम शाकेंचं घर उन्हाळ्यापुरतं बंद होतं.

"भूत असेल," वाहानची मैत्रीण नारे कुजबुजली.

"भुताला काकडी लागते होय गं, शहाणे?" वाहानची ताई तालिन हसली. तिने टोपलीत रोट्या, काकड्या भरल्या. वर दोन हातांनी घाईघाईने दोरी ओढली.

तिघं जिन्याने धावत सुटली. दाराला बाहेरून कुलूप! आतून कुणीतरी देवाचं गाणं हळू आवाजात गात होतं.

"ताई, कोण आहात तुम्ही?" नारेने दाराबाहेरून विचारलं.

गाणं थांबलं. "मी त्सेहाय. परदेशातून इथं घरकामाला आलेय. किल्ली मादामकडं, पासपोर्टही त्यांच्याकडंच. आईला फोनसुद्धा करू देत नाहीत. जाते म्हटलं, तर पोलिसांत देईन म्हणतात."

वाहानचं हसू मावळलं. "ही तर कैद झाली!"

मुलांनी खाली येऊन सगळं सांगितलं, तेव्हा आजोबा आधी कुरकुरले, "लोकांच्या घरात आपण कशाला पडायचं?"

"आत मांजर अडकलं असतं, तर तुम्हीच शिडी लावली असती!" तालिन म्हणाली.

 मग आजोबांनी कामगार बायकांच्या मदतसंस्थेला फोन लावला.

पण किल्लीवाली यायला हवी! नारेने पुन्हा वर जाऊन दाराशी तोंड नेलं. "ताई, बाल्कनी धुवा. अगदी पूर आणा!"

पाणी धो धो गळू लागलं. घरातून पाणी गळतंय असा निरोप मिळताच मादाम शाके तणतणत आल्या. खाली संस्थेच्या बाई आणि पोलीस अधिकारी उभे!

"आत कोणी नाही हो! कामाच्या मुलीला मी सुट्टी दिली आहे," मादाम म्हणाल्या.

वाहानने दोन्ही हात तोंडाशी धरले. "अंजिरं आली होऽऽ! गोड अंजिरं!"

तिसऱ्या मजल्यावरून टोपली डुलत डुलत खाली आली. बाल्कन्याबाल्कन्यांतून हशा पिकला!

"सुट्टीवरची मुलगी अंजिरं मागते वाटतं?" अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. "किल्ली. आणि पासपोर्टही."

दार उघडलं. त्सेहाय जिना उतरून भर उन्हात येऊन उभी राहिली.

आजोबांनी टोपी काढली. "पोरांनो, आम्ही रोज देवाला हाका मारतो. आज त्याची हाक ऐकली ती तुम्ही! शाबास!"

संस्थेच्या बाईंनी त्सेहायला विचारलं, "कुठं जायचंय तुला?"

किती दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं! तिने आईला फोन लावला. खूप रडली, खूप हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आधी चर्चमध्ये. आणि पायी!"