बाटलीचं झाकण

पोरींनो, आमच्या पंचशीलाच्या रागानं लातूरची जमीन हलली म्हणलं की तुम्ही हसता. हसा! पण हलली ती. आन् त्याच घटकेला विनोद तिच्या प्रयोगशाळेत उभा होता.

नांदेडची ही पोर, लातुरात सोयाबीनच्या दाण्याचे इवलाले तुकडे काचेच्या बाटल्यांत वाढवत बसायची. त्यांच्यात नवा जीन घातलेला. नऊशे तुकडे काळे पडले... एकच जगला. दोन पानं, चार मुळं. तो गेला की तीन वर्षं पाण्यात.

विनोद निलंग्याचा. क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायचा.

"मॅडम, एक बाटली द्या ना. पोरांना दाखवतो."

"लोणच्याची बरणी हाय का ही, सर?"

तेवढ्यात जमीन गुरगुरली. किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडं कुणी चप्पलसुद्धा शोधत न्हाई — समदे बाहेर! पंचशीला बी पळाली. अंगणात आल्यावर ध्यानात आलं... रोप आतच!

मागून विनोद आला. एका हातात तीच बाटली... दुसऱ्या हातात झाकण.

"झाकण का काढलंत?"

"गुदमरलं असतं ना ते..."

"चारशे पोरांना टिश्यू कल्चर शिकवता की हो तुम्ही! आता बुरशी धरंल त्याला!"

"पुस्तकातलं शिकवतो. बाटली आज पहिल्यांदा धरली." मग हळूच म्हणाला, "त्या भूकंपात आम्ही रिकाम्या हातानं बाहेर पडलो होतो. तवापासून तसं निघवत न्हाई."

तिनं ऐकलं. पण राग... लई! बुरशी यायच्या आत तिनं मुळांवरची जेली धुतली, रोप काचघरातल्या कुंडीत लावलं, वरून प्लास्टिकची पिशवी. जगलं तर जगलं.

हा रोज हजर.

"पिशवी काढू का?"

"हात लावून तर बघा!"

"मग कधी?"

"रोज थोडी थोडी वर करायची. एकदम वारं लागलं तर मान टाकतंय."

बाराव्या दिवशी तिसरं पान फुटलं.

"मॅडम, मला बी एक विचारायचं हाय... एकदम विचारू, का थोडं थोडं?"

पंचशीलानं कपाळावर हात मारला. "बारा दिवस थोडं थोडंच चालू हाय की, सर! हो म्हणते मी. काढा आता ती पिशवी एकदाची!"

त्यानं पिशवी काढली. रोप ताठ उभं. थरथरत होते ते दोघांचे हात.

दुसरा भूकंपच म्हणायचा तो. पण ह्या खेपेला बाहेर कुणीच पळालं न्हाई.