चार नंबरचा गुडघा

मान आखडलेला तो माणूस तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शिरला तेव्हा ती पाठमोरी उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालत होती. "नमस्कार… येऊ का आत?" एवढंच तो म्हणाला, आणि तिच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

हा आवाज! हजारांच्या गलक्यातही तिने तो ओळखला असता. आठ वर्षांपूर्वी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी हाच आवाज घरातल्या रेडिओवरून ओरडला होता, "बघा, बघा, चार नंबर पुन्हा उभा राहतोय! याला म्हणतात मास्तरांचा विश्वास!"

चार नंबर म्हणजे तिचा दादा, आणि मास्तर म्हणजे त्याच्या संघाचे प्रशिक्षक. त्या दिवशी कप आला आणि दादाचा उजवा गुडघा गेला. आज दादा छत्तीस वर्षांचा आहे, आणि तीन पायऱ्या चढायच्या तरी कठडा धरतो.

"बसा," ती कोरडेपणाने म्हणाली. "मान कधीपासून धरलीय?"

"कालपासून. सामन्याचं समालोचन संपलं आणि मान उजवीकडे वळेचना. तुमच्याकडे बघायचं तर सगळ्या अंगानेच वळावं लागतंय…" आणि तो खरोखरच कपाटासारखा अख्खाच्या अख्खा तिच्याकडे वळला. खाली बघता येत नसल्यामुळे शर्टाची बटणं एक घर चुकली होती. एरवी तिला हसू आलं असतं.

"मग नका बघू," ती म्हणाली.

तिने त्याच्या मानेवर अंगठा टेकवला. बोटं आपलं काम जाणत होती, पण मन भलतीकडेच होतं.

"तुमचे मास्तर निवृत्त होतायत ना?"

"हो! आता येत्या रविवारी, दुपारी चारला, त्यांच्यावर थेट कार्यक्रम आहे. विषयच असा ठेवलाय, 'मास्तर : थोर की फुगवलेले?' स्वतः मास्तर येणार आहेत. आणि शेवटचा निकाल मी द्यायचाय."

"काय देणार निकाल?"

"अहो, त्यात विचार कसला करायचा? अकरा हंगाम, सहा कप! असा प्रशिक्षक पुन्हा होणे— आई आई आई गं!"

"दुखलं?"

"तुम्ही… मुद्दाम केलंत ना?"

"छे. गाठ तिथेच आहे," ती म्हणाली, आणि आणखी थोडं दाबलं.

डोळ्यांत पाणी आलं तरी तो हसला. "मॅडम, तुमचा मास्तरांवर राग दिसतोय."

"मास्तरांवर आहेच. तुमच्यावर त्याहून जास्त आहे. उद्या याच वेळेला या."

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही, अशी तिला खात्री होती. तो दहा मिनिटं आधीच आला. तिसऱ्या दिवशीही. मान हळूहळू सुटत होती, पण भांडण सुटेना. तो आकडे सांगायचा, अमुक हंगामात इतके विजय, तमुक हंगामात एकही हार नाही. ती म्हणायची, चांगले अकरा जण हाताशी असले तर माझी आईसुद्धा कप आणेल. तो म्हणायचा, मग बाकीच्यांनी का नाही आणले? ती चिडून गरम पाण्याची पिशवी अशी आपटायची की पलीकडच्या पलंगावरच्या आजी दचकून उठायच्या.

"तुम्ही भांडताना फार छान दिसता," एकदा तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही… पिशवी छान तापलीय."

ती पडद्याआड गेली. गाल तापले होते, आणि त्याचाही तिला रागच आला.

पाचव्या दिवशी दादा काउंटरवर होता. दुपारी रुग्णांच्या वेळा लिहायला तोच बसायचा, पण गेले चार दिवस तो गावाला गेला होता. समालोचक आत आला मात्र, दादा काउंटर न धरताच उभा राहिला.

"अरे बापरे! तुम्ही? मी चार नंबर! आठवतोय का?"

समालोचकाचा चेहरा उजळला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दादाच्या गुडघ्याकडे, आणि पाच दिवसांच्या भांडणाचा अर्थ त्याला एकदम लागला असावा. दादाचं सुरूच होतं.

"मास्तर म्हणजे देवमाणूस हो! मध्यंतरात गुडघ्यात कळ मारत होती. मास्तर स्वतः खाली बसले, गुडघ्यावर हात ठेवला, म्हणाले, 'डॉक्टर म्हणतायत साधी लचक आहे. तू खेळणार की नाही, तूच ठरव.' मी ठरवलं. माझा निर्णय होता तो. आहे का कुणाच्या नशिबात असा दिवस?"

"दादा, पुरे," ती म्हणाली.

"हिला नाही पटत. आठ वर्षं झाली, हिच्यासमोर मास्तरांचं नाव काढलं की भांडी आदळतात. आणि मी हिला या गुडघ्याला हात लावू देत नाही. माझं पदक आहे ते!"

त्या दिवशी काम संपवून ती बाहेर पडली तेव्हा बारीक पाऊस होता आणि समालोचक पायरीवर उभा होता, छत्री न उघडता.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही अजून एक आकडा सांगितला असता." तिचा आवाज चढला. "दोन वर्षांनी मी त्या गुडघ्याचे एमआरआयचे फोटो पाहिले. दोन लिगामेंट तुटलेली होती. दोन! असला गुडघा हातात घेऊन कुठलाही डॉक्टर लचक म्हणणार नाही. मीसुद्धा म्हटलं नसतं, आणि मी तर तेव्हा शिकत होते. कोणीतरी खोटं बोललंय. विचारा ना तुमच्या मास्तरांना! सगळ्यांसमोर विचारा… हिंमत असेल तर."

त्याने छत्री उघडून ती तिच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत बसस्टॉपपर्यंत आला. बस आली तेव्हा छत्री तिच्या हातात देताना त्याची बोटं जराशी… अगदी जराशी थांबली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण आज त्याच्यावर रागवायचं अर्धवटच सोडलंय.

रविवारी दुपारी चारला दादा स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता. रेडिओचा आवाज त्याने मोठा केला. सगळे पाहुणे बोलून झाले. कुणी थोर म्हणालं, कुणी फुगवलेले. मास्तर मधूनमधून हसत होते. मग समालोचकाचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत.

"मास्तर, आठ वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. मध्यंतरात चार नंबरच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?"

ओट्याशी उभी असलेली ती गर्रकन वळली. दादा हसला, "बघ, माझं नाव निघालं!"

मास्तर जराही अडखळले नाहीत. उलट त्यांचा आवाज खुलला. "चांगला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब बाहेर काढा, गुडघा कायमचा जाईल. मी पोराला सांगितलं, लचक आहे. खरं सांगितलं असतं तर तो घाबरून खेळला असता. प्रशिक्षकाला असे निर्णय घ्यावे लागतात. कप उगाच येत नाहीत."

मटाराची शेंग दादाच्या हातात अर्धी उघडून राहिली.

रेडिओवर समालोचक म्हणाला, "निकाल मी द्यायचा होता, देतो. सहा कप यांनी जिंकले, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. डावपेच यांच्याइतके कुणालाच कळत नाहीत. पण थोर…? नाही. त्यांना थोर आम्ही केलं, याच माइकवरून. त्या दिवशी मी तुम्हाला ओरडून सांगितलं होतं, बघा मास्तरांचा विश्वास. तो विश्वास नव्हता. ती फसवणूक होती. मास्तर फुगवलेले आहेत, आणि त्यांना फुगवणाऱ्यांत सगळ्यात मोठी फुंकर माझी आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी घाईने गाणं लावलं.

"दादा…"

"मी 'हो'च म्हटलं असतं गं," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "खरं कळलं असतं तरी मी खेळलोच असतो. पण मला विचारायला नको? माझा गुडघा होता ना!"

आणि त्याने मटाराचं ताट उचलून भिंतीवर भिरकावलं.

मटार गोळा करता करता तिने त्याला फोटोंचं सगळं सांगितलं. पुढचे तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मात्र काउंटरवर येऊन बसला, तोंड मिटूनच. आणि त्याच दुपारी समालोचक आला. मान आता सगळीकडे वळत होती, पण नजर वर उचलली जात नव्हती.

तिने त्याला बोलूच दिलं नाही.

"कशाला आलास? असं करतात? लाखो लोकांसमोर? माझा दादा मटार सोलत ऐकत होता! आधी त्याला भेटायचं, त्याला सांगायचं, की मी असं असं विचारणार आहे… तू पण तेच केलंस ना, त्याला न विचारता? मग तुझ्यात आणि त्या मास्तरात फरक काय?"

"तूच म्हणालीस ना, सगळ्यांसमोर विचार…"

"हो, म्हणाले मी! मूर्ख आहे मी! रागाच्या भरात काहीही बोलते, आणि तू लगेच जाऊन ते करतोस?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. काउंटरवरच्या दादाला मात्र बरोबर कळलं.

"संपलं का?" तो कडाडला. तीन दिवसांनी फुटलेला त्याचा आवाज ऐकून दोघंही त्याच्याकडे वळली. "तुम्हाला मी काय काचेचं भांडं वाटतो? मास्तरांनी ठरवलं, मला सांगायचं नाही. हिने फोटो पाहिले, सहा वर्षं मनात ठेवलं. यांनी रेडिओवर काढलं. माझ्या गुडघ्यावर सगळ्या जगाचा हक्क, फक्त माझा सोडून! आता मी ठरवतो. छोटे, उद्या सकाळी सातला मी पहिला रुग्ण. वहीत लिहिलंय. उशीर केलास तर बघ." मग समालोचकाकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही… विचारलंत ते बरं केलंत. कसं विचारलंत, त्याबद्दल मी चिडलेलो आहे. दोन्ही खरं आहे. मी चहाला जातोय. अर्धा तास येणार नाही."

दार आपटून तो गेला.

पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता.

"मला समालोचनातून काढलं," तो हळूच म्हणाला. "आता सकाळी सहाला वाहतुकीच्या बातम्या वाचतो. कुठल्या पुलावर गर्दी आहे वगैरे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ऐकते मी."

"बसने जातेस ना तू? मग वाहतुकीच्या बातम्या कशाला…"

"तुला काय करायचंय!" ती फिस्कारली. मग तिचे डोळे भरून आले, आणि तेही तिला आवडलं नाही. "आठ वर्षं या आवाजावर रागावलेय मी. सवय झालीय. तीन दिवस तू आला नाहीस, तर कुणावर रागवावं तेच कळेना… दवाखाना खायला उठला."

तो एक पाऊल पुढे आला. "मला चूक झाल्याचं कळतंय. आधी दादांकडे यायला हवं होतं. पण तू सांगितलेलं मनातून जाईना… आणि तूही जाईनास. सरळच सांगतो. मला तू आवडतेस. रागासकट."

"आणि राग गेलाच नाही तर?"

"तर रोज येईन. आता मला दुपारी वेळच वेळ आहे."

तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं आणि ती पुढच्या रुग्णासाठी चादर बदलायला लागली. त्याने दुसरं टोक धरलं. चादर दोघांच्या मध्ये ताणली गेली, आणि ती सरळ करता करता पहिल्यांदाच ती त्याच्याकडे बघून हसली.