हुक्सेमा मास्तरांचं वाजवणं

नोव्हेंबरातला गुरुवार होता. दुपारचं वाटाण्याचं सूप पिऊन वीब्रेन हुक्सेमा सायकलवर बसले आणि रविवारच्या स्तोत्राचा सराव करायला चर्चकडे निघाले. टेरविर्ट गावच्या चर्चमध्ये ते एक्केचाळीस वर्षं ऑर्गन वाजवत होते. तरुणपणी हार्लेमहून, हॅम्बुर्गहून बोलावणी आली होती, ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. पण तीनशे वर्षांच्या या ऑर्गनचा आवाज एकदा कानात बसल्यावर दुसरा कुठलाच त्यांना गोड लागला नाही. लग्नही राहून गेलं.

गेली दोन वर्षं बोटांचे सांधे आखडत चालले होते. आता सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. वीब्रेननी ते कुणालाच कळू दिलं नव्हतं, कारण ही जागा आपल्याला कशी मिळाली ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आधी इथे त्यांचे गुरू वाजवत, डेर्क ऑल्टोफ. त्यांचीही बोटं अशीच गेली होती, आणि म्हाताऱ्यानं विश्वासानं एकट्या शिष्याला ते सांगितलं होतं. चर्चच्या पंचांनी विचारलं तेव्हा तिशीतले वीब्रेन एवढंच म्हणाले होते, "त्यांना आता जमत नाही." ऑल्टोफनी ऑर्गनच्या माडीची किल्ली आणून दिली. थंडी सरताना ते चर्चमागच्या कालव्यात सापडले. पाय घसरला असेल, असं गाव म्हणालं.

वीब्रेन माडी चढून बाकावर बसले. खाली ओल्या दगडांचा वास होता, खिडक्यांतून राखेसारखा उजेड येत होता. दुसऱ्याच ओळीला करंगळी अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. वैतागून त्यांनी दोन्ही हात उचलले.

सूर थांबला नाही.

पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, वर येत होत्या. अडलेली ओळ सफाईनं पार पडली, पुढची सुरू झाली. कापराच्या मलमाचा उग्र वास आला... ऑल्टोफ थंडीत बोटांना चोळायचे, त्याच. वीब्रेनना उठून पळायचं होतं, पण हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती. स्तोत्र संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

रविवारी ते जाणार नव्हते. पण गेले नाहीत तर पंच विचारायला येणार, म्हणून गेले. त्यांनी नुसती बोटं पट्ट्यांवर टेकवली, आणि पट्ट्या बोटांच्या आधी खाली जाऊ लागल्या. प्रार्थनेनंतर लोक हात हातात घेऊन म्हणाले, मास्तर, तिशीतल्यासारखं वाजवलंत. हिवाळाभर हेच चाललं. गावोगावचे लोक ऐकायला येऊ लागले. रेडिओवाले येऊन गेले. तरुणपणी मागे सोडलेलं नाव आता घरी चालत येत होतं, आणि त्या वाजवण्यातला एक सूरही त्यांचा नव्हता. घरी आल्यावर हात खांद्यापर्यंत गार असत. कॉफीचा कपही धरवत नसे.

ईस्टरनंतर ते पंचांकडे गेले आणि म्हणाले, मला आता जमत नाही. पंच हसले. मास्तरांचा विनय, म्हणाले.

मग त्यांनी फेनाला गाठलं. फेना बूर्स्मा चर्चची झाडलोट करी, दारं उघडत असे. वीस वर्षं ती त्यांना ऐकत आली होती. तिचा शब्द पंच मानतील असं त्यांना वाटलं.

"तू खाली बस," ते म्हणाले. "मी वर जातो. जे ऐकशील ते पंचांना सांग. बाकी काही नको."

"काय झालंय मास्तर?"

"बस गं तू."

ते वर गेले, ऑर्गनच्या भात्याची मोटर चालू केली आणि हात मांडीवर ठेवले. आज काय वाट्टेल ते होवो, हात उचलायचे नाहीत. मोटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. एकही पट्टी हलली नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. वासही आला नाही. सुटलो, असं त्यांच्या मनात आलं. आता ही खाली गप्प बसलेली पोर सांगेल की मास्तरांना काही वाजवता येत नाही. सगळं संपेल, आणि संपलेलंच बरं.

त्यांनी मोटर बंद केली. जिन्यावर फेनाची पावलं वाजली. ती वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"असं मी जन्मात ऐकलं नाही," ती हळूच म्हणाली.

मांडीवरचे हात वीब्रेनना लाकडासारखे लागत होते.

"काय... ऐकलंस?"

"चेष्टा करता होय?" तिनं डोळे पुसले, बाकाकडे पाहिलं, मग माडीच्या कोपऱ्यांतून नजर फिरवली. "तुमचं वाजवणं मी कुठंही ओळखेन मास्तर. शेवटच्या सुराआधी थोडं थांबता ना तुम्ही, तसंच. पण चार हात वाजत होते." तिचा आवाज खाली गेला. "तुमच्याबरोबरचे ते दुसरे... ते कुठून खाली उतरले? जिना तर एकच आहे."